सरपणाची वाट

छत्रपती संभाजीनगर
११ डिसेंबर २०२३

आदरणीय श्री. सूर्यभान कातकडे यांस,
सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही. मी संघप्रिया खंदारे, मूळची परभणीची. इथल्या एका संस्थेत निसर्गवाटा, वनउद्यानं, सहलीच्या जागा यांचे आराखडे करते. तुमच्या कवठाळीचा घोरपडीचा डोंगर लोकांना फिरायला खुला करायचं चाललं आहे. एक पायवाट, दोन-तीन विसाव्याच्या जागा, पक्षी बघायला एखादं मचाण, एवढंच. ते काम माझ्याकडे आलं आहे.

जुन्या कागदांत मला या डोंगराचा हाताने काढलेला नकाशा सापडला. प्रत्येक ओढा, प्रत्येक मोठं झाड त्यात आहे. एका ठिकाणी पेन्सिलीने लिहिलंय, 'इथे साळिंदर राहते.' खाली सही : सू. बा. कातकडे, वनरक्षक, १९९८. आमच्याकडे उपग्रहाची चित्रं आहेत, पण साळिंदर कुठे राहते हे त्यांत दिसत नाही.

तुमचा फोन नंबर कुणाकडेच मिळाला नाही, म्हणून गावच्या पत्त्यावर लिहिते आहे. वर जायला चांगली वाट कोणती, सावली कुठे, पाणी कुठे, जपायची जागा कोणती, हे सांगाल का? घाई नाही.

आपली नम्र,
संघप्रिया खंदारे

❖

कवठाळी, ता. गंगाखेड
२२ डिसेंबर २०२३

संघप्रिया मॅडम यांना सूर्यभान कातकडे यांचा नमस्कार.

पंडित पोस्टमनने पाकीट हातात दिलं तेव्हा वाटलं, ऑफिसचा कसला तरी राहिलेला कागद असणार. तुमचं पत्र तीनदा वाचलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून डोंगराबद्दल मला कुणी काही विचारलं नव्हतं.

फोनचं म्हणाल तर मला ऐकू येत नाही. कानाचं मशीन घेतलं होतं, त्यात माणसापेक्षा पंखाच जास्त ऐकू येतो. तेव्हा पत्रच बरं.

आता डोंगराचं. परवाच सकाळी वर जाऊन आलो. सगळ्यात चांगली वाट उगवतीकडून, रोपवाटिकेच्या कडेने. तिला आम्ही गार्डवाट म्हणायचो. अर्ध्यावर पळसाचं टेकाड लागतं. फाल्गुनात तिथे उभं राहिलं तर डोळे दिपतात. तिथून पुढे पाऊण तासावर उंबराखालचा झरा. पाणी इतकं गार की दात शिवशिवतात. विसाव्याची मुख्य जागा तिथेच करा, डोळे झाकून करा.

मावळतीच्या अंगाला पाहण्यासारखं काही नाही. नुसता चढ अन् काटवण. गावातल्या बाया तिकडून सरपण आणतात. तुम्ही वाट करणार असाल तर त्या बाजूने आधी तारेचं कुंपण घाला, नाहीतर तुमची बाकडीसुद्धा चुलीत जातील. बत्तीस वर्षं या डोंगराचं बीट, म्हणजे माझ्या राखणीचा भाग, फिरलो आहे, त्याच्या अनुभवावरून सांगतो.

साळिंदर अजून तिथेच आहे. त्याचा काटा पाठवतो.

आपला,
सूर्यभान कातकडे

❖

छत्रपती संभाजीनगर
८ जानेवारी २०२४

आदरणीय सूर्यभानमामा,

मामा म्हटलं तर चालेल ना? परभणीत आमच्या गल्लीत सगळ्याच वडीलधाऱ्यांना मामा म्हणतात.

काटा माझ्या टेबलावर आहे. तुमचं पत्र मी ऑफिसात वाचून दाखवलं. आमचे प्रमुख म्हणाले, प्रत्येक डोंगराला असा एक माणूस मिळाला तर आपलं निम्मं काम कमी होईल. मी तुमचीच वाट नकाशावर आखली आहे आणि कुंपणही दाखवलं आहे.

२० तारखेला मी कवठाळीला येते आहे. तुमच्यासोबत ती वाट चालायची माझी फार इच्छा आहे. एक विचारायचं राहिलं. एप्रिलच्या सुरुवातीला गंगाखेडच्या शाळेतल्या तीस मुलींना घेऊन वाटेची चाचणी घ्यायची आहे. लोकांना किती वेळ लागतो, कुठे दमतात, ते तेव्हा कळेल. त्या दिवसांत झऱ्याला पाणी असतं का?

तुमची,
संघप्रिया

❖

कवठाळी
१४ जानेवारी २०२४

चि. संघप्रिया हिस आशीर्वाद.

मामा म्हणालीस, आता मॅडम म्हणणं मला जमणार नाही.

२० तारखेला मी गावात नाही. लेक राजेश्री नांदेडला असते, तिच्याकडे जाणं आहे. माझ्यासाठी थांबू नकोस. वाट सरळ आहे, चुकायची भीती नाही.

झऱ्याची काळजी सोड. तू विचारलंस म्हणून काल मुद्दाम वर जाऊन पाहिलं. पाणी चांगलं वाहतंय. जेठ महिन्यातसुद्धा ओंजळ भरते.

तुझा,
सूर्यभानमामा

❖

छत्रपती संभाजीनगर
२ फेब्रुवारी २०२४

आदरणीय मामा,

तुमचा डोंगर पाहिला. पळसाला कळ्या धरल्यात. टेकाडापर्यंत मोजणी झाली, पुढे यंत्राची बॅटरी गेली आणि गाडीवाला घाई करायला लागला. वरचा भाग तुमच्या नकाशावरून आणि पत्रांवरून पुरा केला.

तुमच्या घरी जाऊन आले. केशरमामी अंगणात होत्या. "ते नांदेडला गेलेत," म्हणाल्या, आणि चुलीकडे तोंड करून बसल्या. धुराने डोळे चुरचुरत असावेत. चहा फार छान होता, गवती चहा घातलेला. मी त्यांना नकाशा दाखवला. त्यांनी विचारलं, "बाई, ही तार कुठून कुठवर?" मी बोट फिरवून दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि "बरं" म्हणाल्या. त्यांना नकाशा फारसा कळला नसावा. मीच नीट समजावून सांगायला हवं होतं.

आराखडा सादर केला. मुलींची चाचणी ६ एप्रिलला.

तुमची,
संघप्रिया

❖

कवठाळी
१२ फेब्रुवारी २०२४

चि. संघप्रिया,

आराखडा गेला हे वाचून समाधान वाटलं.

यंदा पाऊस कमी झालाय. मुलींच्या सोबत पाण्याच्या बाटल्या असू द्या. झरा आहेच. तरी असू द्या.

सूर्यभानमामा

❖

छत्रपती संभाजीनगर
८ एप्रिल २०२४

श्री. सूर्यभान कातकडे यांस,

परवा आम्ही तीस मुली आणि दोन शिक्षिका यांच्यासह आपल्या वाटेने गेलो. प्रत्येकीकडे पाण्याची एकेक बाटली होती. ती टेकाडापर्यंतच संपली, कारण पुढे झरा आहे असं मीच त्यांना सांगितलं होतं.

झरा नाही. उंबर वठला आहे. त्याच्या आजूबाजूची जमीन मुरमासाठी खोदून नेलेली आहे, तीही आजकालची नव्हे. खड्ड्यात बाभळी माझ्या खांद्याएवढ्या वाढल्या आहेत. साडेअकराच्या उन्हात आम्ही तिथे उभे होतो. बबिता नावाची सातवीतली मुलगी चक्कर येऊन पडली, तिची शुद्ध गेली. मी आणि एक शिक्षिका तिला आळीपाळीने पाठीवर घेऊन खाली आलो. गंगाखेडला दवाखान्यात तिला दोन दिवस सलाईन लावलं आहे.

काल ऑफिसातून काम थांबवण्याचा निरोप आला. ही जागा यादीतून काढावी असं वरिष्ठांचं मत आहे.

१४ जानेवारीच्या पत्रात आपण 'काल मुद्दाम वर जाऊन पाहिलं' असं लिहिलं होतं. याचा खुलासा करावा.

संघप्रिया खंदारे

❖

कवठाळी
१३ एप्रिल २०२४

चि. संघप्रिया,

मुलगी कशी आहे ते आधी कळव. एका ओळीचं कार्ड टाक.

खुलासा असा की मी खोटं लिहिलं.

२०२१ च्या दिवाळीच्या आधी पालमहून येताना माझी मोटरसायकल घसरली. पाठीच्या कण्याला मार लागला, कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून मी खाटेवर आहे. डोंगर सोड, मी अंगणातसुद्धा गेलेलो नाही. लोकांनी बघावं असं माझं काही उरलं नाही, म्हणून केशरला सांगून ठेवलं होतं, कुणी आलं तर मी गावात नाही म्हणायचं. तू आलीस त्या दिवशी मी आतच होतो. खिडकीतून तुला पाहत होतो. तुझ्या खांद्याला निळी पिशवी होती, बुटाला लाल माती लागली होती. डोंगरावरून आलेल्या माणसाचे बूट मी सव्वादोन वर्षांनी पाहिले.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा खरं लिहायला बसलो होतो. 'माझे पाय गेलेत, आता काय आहे ते मला माहीत नाही' असं लिहिलं आणि फाडलं. वाटलं, हे वाचलंस तर दुसऱ्या कुणाला विचारशील. मग जे आठवत होतं ते लिहिलं, काटाही पेटीतला जुनाच पाठवला. लिहिताना मी खरंच वर जाऊन येत होतो. झऱ्याचं पाणी हाताला लागत होतं. एप्रिलचं विचारलंस तेव्हा मात्र भ्यालो होतो. तरी लिहिलं. त्याला माफी नाही.

तुझं परवाचं पत्र केशरला वाचून दाखवलं. तिचं बोलणं मला ओठांवरून कळतं. ती म्हणाली, "त्यो झरा आटून दोन सालं झाली. तुमी पडलाव त्याच्या फुडल्याच उन्हाळ्यात आटला."

मी म्हणालो, "मग सांगितलं का नाहीस?"

"इचारलं कुणी?" म्हणाली. "तुमी इचारलं न्हाई, त्या बाईनं इचारलं न्हाई. मी रोज डोंगरात जायलेय, हे तर दोघांला ठावं हाय."

चूक माझी आहे, तुझी नाही, असं तुझ्या ऑफिसला वेगळं लिहून पाठवलं आहे. पत्राची नक्कल सोबत जोडतो.

सूर्यभान

❖

छत्रपती संभाजीनगर
५ जून २०२४

आदरणीय मामा,

बबिता बरी आहे, हे तेव्हा कार्डाने कळवलं होतं. मागच्या आठवड्यात तिच्या घरी गेले होते. मला बघून ती आधी आईच्या मागे लपली, नंतर वही आणून तिने काढलेला डोंगर दाखवला. तिची आई म्हणाली, "पुन्हा न्या तिला, पण बाई, तुमी आधी जाऊन बघा." आमच्या प्रमुखांनीही एप्रिलमध्ये हेच विचारलं होतं, तू आधी जाऊन पाहिलं होतंस का?

तुमचं ऑफिसला आलेलं पत्र मी वाचलं. त्यात तुम्ही सगळं स्वतःवर घेतलं आहे. ते खरं नाही. आराखड्याच्या चौदाव्या पानावर मी लिहिलं होतं, 'संपूर्ण मार्गाची प्रत्यक्ष चालून खात्री केली आहे.' खाली माझी सही आहे. मी पळसाच्या टेकाडाच्या पुढे गेलेच नव्हते. तुम्हाला निदान जाता येत नव्हतं. मला पाय होते, दिवस होता, आणि मी गाडीवाल्याच्या घाईचं निमित्त केलं. एप्रिलमध्ये तुम्हाला खुलासा मागताना हे मला माहीत होतं.

हे मी प्रमुखांना सांगितलं. ते म्हणाले, नोव्हेंबरपर्यंत मुदत घे, पूर्ण डोंगर पायाने चाल, नाहीतर ही जागा सोडून दे.

म्हणून हे पत्र तुम्हाला आहे, पण विनंती केशरमामींना आहे. त्या मला डोंगर दाखवतील का? कृपया वाचून दाखवा. आणि त्यांना सांगा, त्या दिवशी नकाशा त्यांना कळला नाही असं मला वाटलं होतं. आता वाटतं, त्या अंगणात नकाशा त्यांनाच कळला होता.

तुमची,
संघप्रिया

❖

कवठाळी
२४ जून २०२४

चि. संघप्रिया,

चौदाव्या पानाचं वाचलं. तू ते लिहिलंस हे बरं केलंस. मला जरा हलकं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

केशरला पत्र वाचून दाखवलं. ती शेळीला पाला घालत होती, थांबली नाही. शेवटी म्हणाली, "तिला म्हणावं यी. पण तारंचं काय?"

मग तुला जे लिहायला हवं होतं ते आज लिहितो. मावळतीच्या बाजूला कुंपण घालायला मी सांगितलं. तिथून सरपण आणणाऱ्या बायांत पहिली माझी बायको आहे. गार्डच्या घरात चूल पेटते ती कशावर, हा प्रश्न मी बत्तीस वर्षं स्वतःला पडू दिला नाही. २००३ साली मी त्या उतारावर सहा बाया पकडल्या, सगळ्यांचे कोयते जप्त केले. सहावी केशर होती. तिचाही कोयता घेतला, पंचनाम्यात नावं मात्र पाचच जणींची लिहिली. गावाला वाटलं, गार्डने बायकोला वाचवलं. तिला वाटलं, गार्डने बायकोला ओळख दिली नाही. ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही. तेव्हा मला चांगलं ऐकू येत होतं.

वाळलेल्या काटक्याच त्या न्यायच्या, हे मला तेव्हाही दिसत होतं.

गेली तीन वर्षं ती डोंगरातून येते, मोळी टाकते, मला भाकरी देते. मी खिडकीतून डोंगर बघत असतो. वर काय आहे हे तिला एकदाही विचारलं नाही. तुला मात्र पानंच्या पानं लिहिली.

पाऊस जरा ओसरला की ये. तारेचं काय, ते तूच तिला सांग.

सूर्यभान

❖

छत्रपती संभाजीनगर
११ नोव्हेंबर २०२४

आदरणीय मामा,

नवा आराखडा काल सादर केला. या वेळी चौदाव्या पानावर मी, केशरमामी आणि त्यांच्यासोबत सरपणाला जाणाऱ्या तानुबाई आणि धुरपताबाई अशा चौघींची नावं आहेत. आणि तारखा, आम्ही डोंगर चाललो त्या नऊ दिवसांच्या.

तुम्हाला पहिल्यांदा समोर पाहिलं तेव्हा तुम्ही पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलंत. तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून मी तुमच्या उशाजवळच्या पाटीवर लिहिलं, 'साळिंदर बघायला आले.' तुम्ही हसलात तेव्हा मामी दारातून बघत होत्या.

आता कामाचं लिहिते. वाट मावळतीकडूनच जाते आहे. डोक्यावर ओझं घेऊन चालणाऱ्यांनी पाडलेली वाट आहे ती. कुठेही एकदम चढत नाही, दमायच्या आधी वळण घेते. धावड्याच्या सावलीत छातीएवढा उंच सपाट दगड आहे, तिथे मोळी टेकवून विसावा घेतात. आमच्या पुस्तकांत विसाव्याच्या जागा ठरवायला कोष्टकं आहेत. मी मोजलं, तो दगड कोष्टकापेक्षा चांगल्या जागी आहे.

पाण्याबद्दल मामींशी माझा वाद झाला. ओढ्याच्या वळणावर वाळू उकरून त्यांनी झिरा केला आहे, रानडुकरांनी घाण करू नये म्हणून वर बोरीची फांदी ठेवतात. उन्हाळ्यातही त्यात पाणी असतं. मला वाटलं, वाट तिकडून न्यावी. मामी म्हणाल्या, "तिथं न्हाई. ते रोह्याचं पाणी हाय, मोराचं हाय. तुमची माणसं बाटल्या बुडवतील, पाय बुडवतील. म्हैनाभरात सगळं जाईल." मी म्हणाले, लोकांना तहान लागेल. त्या म्हणाल्या, "लागू दे की. धावड्याखाली रांजण ठिवू, आमी भरू."

म्हणून रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, तो झिरा नकाशावर नाही. मी आजवर केलेल्या आराखड्यांत मुद्दाम गाळलेली ही पहिली जागा आहे.

बाकी त्यांनीच ठरवलं. एका वेळी चाळीस माणसं, जास्त नाहीत. मंगळवारी आणि शुक्रवारी वाट गावाची, सरपणाची, त्या दिवशी बाहेरच्यांना बंद. तितराची अंडी असतात तेव्हा वरचा माळ बंद. गाणी वाजवायची नाहीत. आणि तार नाही. कुंपणाच्या मुद्द्यावर बैठकीत बरंच ऐकून घ्यावं लागलं. 'बायका बाकडी तोडतील' असं एक अधिकारी म्हणाले. मी म्हणाले, बाकडी नाहीतच, दगड आहे.

उद्घाटनाला तुम्ही यायचं आहे. पाटीवर लिहिलं होतं तेव्हा तुम्ही मान हलवली होतीत, पण कोणत्या बाजूला ते मला नीट कळलं नाही.

तुमची,
संघप्रिया

❖

कवठाळी
४ फेब्रुवारी २०२५

चि. संघप्रिया,

उद्घाटनाच्या दिवशी तू पाहुण्यांत अडकली होतीस, संध्याकाळी गाडी पकडायची घाई होती. माझं काय झालं ते तुला धड पाहता आलं नाही. म्हणून लिहितो.

मी 'नाही' म्हणूनच मान हलवली होती. आदल्या दिवशीपर्यंत नाहीच म्हणत होतो. सकाळी केशरने मला धुतलेलं धोतर नेसवलं, दाढी केली. मग तानुबाई, धुरपताबाई आणि आणखी दोघी आत आल्या. खुर्चीला दोन्ही बाजूंनी बांबू बांधलेले होते. मी केशरला म्हणालो, "गावातली चार पोरं तरी बोलवायची." ती म्हणाली, "पोरं धावतील, तुमाला पाडतील. आमाला ओझ्याची सवय हाय."

गल्लीतून जाताना मी डोळे मिटून घेतले होते. लोक बघत असणार. सव्वातीन वर्षं ज्याची धास्ती घेतली होती ते घडत होतं. ओढा ओलांडला तेव्हा पाण्याचा गारवा तोंडाला लागला आणि डोळे उघडले. कुणी बघत नव्हतं. सगळे पायाखाली बघत होते, दगड चुकवत होते.

तानुबाई डाव्या बांबूला होती. २००३ च्या पंचनाम्यात पहिलं नाव तिचं आहे. पहिल्या वळणावर खुर्ची टेकवली तेव्हा मी तिला म्हणालो, "तानुबाई, तुमचं मी चुकीचं केलं." तिने माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलली. मला ओठ वाचता आले नाहीत, तिचा पदर तोंडावर होता. केशरला विचारलं, ती काय म्हणाली. केशर म्हणाली, "म्हणती, नीट बसा, खुर्ची कलायलीय."

मग तो दगड आला. मला वाटलं होतं, सावली आहे म्हणून बाया तिथे थांबत असतील. पण सावली तर खालच्या वळणावर जास्त दाट होती. मी केशरला विचारलं, "इथंच का?"

तिने माझी खुर्ची फिरवली.

संघप्रिया, तिथून गाव दिसतं. लांब गंगाखेडच्या बाजूला कारखान्याची चिमणी, त्याच्या पलीकडे गोदावरीच्या काठची हिरवी रेघ, आणि अलीकडे, अगदी पायाखाली असावं तसं, कवठाळी. मारुतीचा पार, शाळा, आमच्या घराचे पत्रे, आमचं अंगण. अंगणात वाळत घातलेलं माझं पांघरूणसुद्धा दिसत होतं. बत्तीस वर्षं मी त्या डोंगरावर फिरलो. गार्डवाट उगवतीकडून जाते, तिथून जंगल दिसतं, हद्दीचे दगड दिसतात, गाव दिसत नाही. या बाजूला मी फक्त धरपकड करायला यायचो, आणि तेव्हा माझं तोंड डोंगराकडे असायचं.

केशर माझ्यासमोर बसली, मला ओठ दिसावेत म्हणून. म्हणाली, "राजेश्री पाळण्यात होती, तवा तिला अंगणात आत्याबाईजवळ ठिवून यायची मी. आत्याबाईला कमी दिसायचं. हितं मोळी टेकवायची अन् बघायची, पाळणा हलायलाय का. हलायलाय म्हंजे लेकरू जागं हाय, मग पळत उतरायची. हिची दोन लेकरं, तिचं एक, समद्यांचं हितनंच बघायचो."

माझी आई तेव्हा जवळजवळ आंधळी होती, हे मला आज मोजून आठवावं लागलं.

तेवढ्यात पहिल्या तुकडीतली माणसं वर आली. शहरातल्या एका बाईच्या कडेवर तान्हं मूल होतं. तिने मला, गार्ड म्हणून कुणीतरी ओळख करून दिली असावी, काहीतरी विचारलं. मी कानाला हात लावला आणि केशरकडे बोट केलं. केशर उठली. काय बोलली ते मला कळलं नाही, तिची पाठ माझ्याकडे होती. पण तिचा हात लांब झाला आणि आमच्या अंगणाकडे गेला. ती बाई मुलाला दुसऱ्या कडेवर घेऊन बराच वेळ तिकडे बघत उभी राहिली. मग रांजणातलं पाणी पिऊन पुढे गेली.

उतरताना ऊन पाठीवर होतं. घरी आलो तेव्हा केशरने विचारलं, "दमलाव?" मी म्हणालो, "तू काल काय काय पाहिलंस वर?" तिला आधी कळेचना मी काय विचारतोय. मग खाटेच्या कडेला बसली आणि सांगायला लागली. मी तिच्या ओठांकडे बघत राहिलो. दिवा लावायचं आम्हा दोघांच्या लक्षात राहिलं नाही, अंधार पडला तसे तिचे ओठ दिसेनात, तेव्हा उठून तिने बटण दाबलं आणि पुढचं सांगितलं.

पुढच्या मंगळवारी वाट गावाची आहे. त्या दिवशी मला पुन्हा वर नेणार म्हणते. मी हो म्हणालो.

तुझा,
सूर्यभानमामा